यादीत नसलेली वस्तू

प्लोवदिव, ३ नोव्हेंबर १८९६

श्री. लाझार ग्रोझेव, न्यायालयीन तपासनीस, कझानलिक यांस,

तुम्ही जिंकलात. अभिनंदन करण्याची सभ्यता दाखवावी असं मामा म्हणतात, तेव्हा ते त्यांच्याकडून आलं असं समजा. माझ्याच्यानं होत नाही.

झ्लाता सामारोवाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तिचं वय बावीस. नवरा डोब्री सामारोव पन्नाशीचा, अत्तराचा व्यापारी. मे महिन्यात, ऐन गुलाबतोडणीच्या आठवड्यात, तो सकाळी भट्टीपाशी कोसळून मेला. पोटात सोमल निघाला, आणि तुम्हांला बायकोच्या पेटीत उंदरांसाठी आणलेली सोमलाची पुडी सापडली. एवढ्यावर पंधरा वर्षं. शिवाय ती रडली नाही. सरकारी वकिलांनी हे तीनदा सांगितलं. माझे वडील गेले तेव्हा मीही रडले नव्हते, श्री. ग्रोझेव. माझ्याही पेट्या एकदा तपासून जा.

आम्ही इथल्या वरच्या न्यायालयात अपील करतो आहोत. बायकांना वकिली करता येत नाही, म्हणून कागदावर सही स्टामेनमामांची असेल. पण तपास माझा आहे, हे तुम्हांला ठाऊक असलेलं बरं. डोब्रीच्या अंगावर आणि घरात सापडलेल्या वस्तूंची पूर्ण यादी मला हवी आहे. न्यायालयात तुम्ही ती वाचलीत, पण इतक्या भरभर, की माझी लेखणी मागे राहिली.

‘बाई जिनिव्हाला रसायन शिकल्या की कादंबऱ्या वाचून आल्या?’ हे तुमचं वाक्य मात्र शब्दन् शब्द उतरून घेतलं आहे.

वेलिका द्राघानोवा


कझानलिक, ९ नोव्हेंबर १८९६

बाईसाहेब,

कादंबऱ्यांबद्दल बोललो ते चुकलं. लोक हसले तेव्हाच कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

यादी सोबत आहे. अंगावर सात वस्तू: घड्याळ, रुमाल, तंबाखूची डबी, भट्टीच्या दोन किल्ल्या, जपमाळ आणि एक शिसपेन्सिल. आणखी काहीही नव्हतं. घरातल्या वस्तू मागच्या पानावर आहेत.

तुमची बाजू मी समजू शकतो. तरुण बायको, म्हातारा नवरा, जिभा चालवणारं गाव. पण माझंही ऐका. त्या घरात तिघंच जेवत: डोब्री, झ्लाता आणि डोब्रीची थकलेली आई. आई अंथरुणातून उठत नाही. उरलं कोण? तुम्ही म्हणाल, दुसरे व्यापारी. हिंदुस्थानातून येणारं रोशा गवताचं स्वस्त तेल सगळे आपापल्या अत्तरात मिसळतात आणि डोब्री मिसळत नसे, म्हणून ते त्याच्यावर जळत, हे खरं. पण ते त्याला शिव्या देत, सोमल घातलेली सकाळची कॉफी देत नसत.

पत्र लांबलं. हल्ली संध्याकाळी घरीच असतो. वडिलांची नजर गेली आहे. जूनमध्ये आम्ही औषधांचं दुकान बंद केलं. मी आणि आत्या मिळून त्यांना सांभाळतो.

तुमचा,
लाझार ग्रोझेव


प्लोवदिव, २० नोव्हेंबर १८९६

श्री. ग्रोझेव,

यादी पोचली. उपकार मानते, आणि लगेच भांडते.

मागच्या पानावर तुम्हीच लिहिलंय: सोमलाची पुडी, वजन पन्नास द्राम. ती विकणाऱ्या किराणेवाल्याला मी पत्र टाकलं. तो पन्नास द्रामच्याच पुड्या बांधतो. म्हणजे त्या पुडीतला एक कणही कुणी काढलेला नव्हता. मग डोब्रीच्या पोटातला सोमल आला कुठून? आभाळातून पडला?

‘तिनं दुसरी पुडी आणली असेल’ असं तुम्ही म्हणणार. असेल. पण मग ती दुसरी पुडी शोधायची कुणी?

मी पाच डिसेंबरला कझानलिकला येते आहे. घर, भट्टी, सगळं बघायचं आहे. तुम्ही सोबत असलात तर बरं, म्हणजे मी काही पेरलं असं नंतर कुणी म्हणायला नको.

तुमच्या वडिलांच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

वे. द्राघानोवा


कझानलिक, १७ डिसेंबर १८९६

वेलिका,

घाट उघडल्याचं ऐकलं. नीट पोचलात ना? बर्फानं तुम्हांला आमच्या घरी तीन दिवस अडकवलं, त्याबद्दल तुम्ही बर्फाला नावं ठेवत होता. मी ठेवत नव्हतो.

भट्टीत आपण भांडलो ते अजून कानात आहे. तुम्ही त्या थंड पडलेल्या तांब्याच्या हंड्यात डोकं घालून म्हणालात, “ग्रोझेव, तुम्ही तपास करत नाही, तुम्ही निकाल लिहून मग पुरावे गोळा करता.” हंड्यातून तो आवाज असा घुमला की बाहेरचा पहारेकरी धावत आला. मला राग यायला हवा होता.

वडील रोज तुमच्याबद्दल विचारतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मुलीनं त्यांच्याशी आम्लांवर वाद घातला. “हात हातात घेतला तेव्हाच समजलो,” म्हणतात, “बोटांना भाजल्याच्या खुणा आहेत, म्हणजे शिकलेली आहे.” आत्यानं केलेली चीजची बानित्सा तुम्ही तीनदा मागून घेतलीत, म्हणून आत्याही तुमच्याच पक्षात. घरात मी एकटा पडलो आहे.

निरोप घेताना मी काहीतरी म्हणणार होतो. गाडीवान ओरडला आणि राहून गेलं. पुढच्या वेळी गाडीवान बदलू.

लाझार


प्लोवदिव, ८ जानेवारी १८९७

लाझार,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. आणि लगेच दुसऱ्या विषयावर येते, कारण तो थांबू शकत नाही.

झ्लाताला परवा तुरुंगात मुलगी झाली. नवरा गेला तेव्हा दिवस राहिलेत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. मी भेटून आले. भिंतीला ओल आहे, चूल कोठडीबाहेर लांब आहे, आणि बाळ तिनं शालीखाली छातीशी धरून ठेवलंय. मला म्हणाली, “वेलिकाताई, हिला इथली सवय होऊ द्यायची नाहीये मला.”

पण तिनं एक नवी गोष्ट सांगितली. डोब्रीच्या अंगावर जुनं चट्ट्यांचं दुखणं होतं, त्यासाठी तो रोज सकाळी थेंब घ्यायचा. गावात कुणाला कळू नये म्हणून बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. बायकोसमोरही काढायचा नाही. नवरा गेल्यावर त्याचं दुखणं चव्हाट्यावर आणायची तिला लाज वाटली, म्हणून न्यायालयात बोलली नाही. लाझार, चट्ट्यांवरचे थेंब सोमलाचेच असतात. थोडेसे असतात, पण असतात. बनवणाऱ्याचा हात चुकला, तर माणूस मरतो.

तुमच्या यादीत बाटली नाही. ती गेली कुठे?

कझानलिकमध्ये औषधवाले दोनच. दुसऱ्याला मी लिहिलंय. तो म्हणतो, डोब्री त्याच्याकडे कधीच येत नसे. तुमच्या वडिलांना विचाराल का? मी तपासनीसाला विचारत नाही, तुम्हांला विचारते आहे.

वेलिका


कझानलिक, २१ जानेवारी १८९७

वेलिका,

वडिलांना विचारलं. त्यांना आठवत नाही. रोजच्या वहीतही डोब्रीचं नाव नाही. बाटलीचं म्हणाल, तर तुरुंगातल्या बाईला आठ महिन्यांनी काहीही आठवू शकतं. तिला दोष देत नाही. तिच्या जागी कुणीही हेच करेल.

आता जे गाडीवानामुळे राहिलं ते लिहितो. माझ्याशी लग्न कराल? मी चाळिशीला आलो, माझ्यात बघण्यासारखं काही नाही, पण डिसेंबरमधले ते तीन दिवस या घरात माणसं राहतात असं वाटलं होतं.

एक मागणं आहे. हा खटला आता सोडा. अपील मामांना चालवू दे. या प्रकरणानं तुमची तब्येत उतरली आहे, हे मी डिसेंबरमध्येच पाहिलं. आपल्या दोघांमध्ये ही मेलेल्या माणसाची फाइल कायमची पडलेली मला नको आहे.

लाझार


प्लोवदिव, ४ फेब्रुवारी १८९७

लाझार,

माझी तब्येत ठणठणीत आहे.

तुमचं पत्र वाचून आधी मी खोलीभर फिरले, मग हसले, मग शेवटचा परिच्छेद परत वाचला आणि बसून राहिले. ही अट आहे का? की मी खटला जिंकेन आणि तुमची नाचक्की होईल, ही भीती? ती असेल तर सरळ सांगा. हरलेल्या माणसाशी मी लग्न करीन, त्याचं मला काही वाटत नाही. मला गप्प बसवू पाहणाऱ्या माणसाशी करणार नाही.

मला ‘हो’ म्हणायचं आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी यात मखलाशी करायला नको. पण अपिलाची सुनावणी बारा एप्रिलला आहे; त्याच्या आधी उत्तर देणार नाही.

त्या दिवशी भट्टीवर सेव्दा नावाची एक जिप्सी बाई फुलं तोलत होती, प्रेत उचलल्यावर जमीनही तिनंच धुतली, असं झ्लाता सांगते. तुमच्या कागदांत सेव्दाचा जबाब नाही. तिचं कुटुंब हिवाळ्यात स्लिव्हेनकडे जातं म्हणे. रस्ते मोकळे झाले की मी तिला शोधायला जाणार.

वेलिका


प्लोवदिव, २४ मार्च १८९७

लाझार,

माझ्या गेल्या पत्राला तुझं उत्तर नाही. आता त्याचं कारण कळलं.

‘तू’ म्हणते आहे. हे पत्र ‘तुम्ही’ला लिहिता येणार नाही.

सेव्दा स्लिव्हेनच्या अलीकडे एका पाणचक्कीजवळ भेटली. आधी बोलायला तयार नव्हती. म्हणाली, “तुमच्या साहेबानं मला तेव्हाच सांगितलंय, जिप्सीच्या साक्षीला कोण विचारतो.” मी तिच्याबरोबर लोकर पिंजत बसले. दुपारी ती आपणहून बोलली. साहेबानं, म्हणजे तू, गुडघ्यावर बसून मेलेल्याचे खिसे तपासले. एकेक वस्तू कारकुनाला सांगितलीस. मग कारकून पाणी प्यायला उठला. तेव्हा आतल्या खिशातून एक छोटी निळी बाटली निघाली. “साहेबानं तिच्यावरचा कागद वाचला, बाई, आणि असा पांढरा पडला, की मला वाटलं आता हाही पडतो. मग बाटली आपल्या खिशात टाकली. मी फरशी पुसत होते. मी माणूस असते तर त्यानं माझ्याकडे बघितलं असतं.”

सेव्दाला वाचता येत नाही. मला येतं. त्या कागदावर काय छापलं असेल हे मला स्लिव्हेनहून परत येतानाच्या दोन दिवसांत शंभरदा दिसलं. ‘दामियान ग्रोझेव, औषधविक्रेता.’ डिसेंबरमध्ये दामियानकाकांनी माझ्या कपात चहा ओतायला घेतला आणि तो टेबलावर सांडला. तू पटकन फडकं घेऊन उठलास. तुझी ती घाई मला माया वाटली होती. मायाच होती. तीच तर अडचण आहे.

मे महिन्यात त्यांना किती दिसत होतं, लाझार? तराजूवरचे आकडे दिसत होते का?

झ्लाताच्या मुलीला या महिन्याच्या सुरुवातीला ताप भरला. नऊ दिवस. वाचली. दोन महिन्यांचं ते पोर तापानं लालबुंद झालं होतं आणि दारावरची बाई सांगत होती, डॉक्टर सोमवारी येतील. जानेवारीत मी तुला बाटलीबद्दल विचारलं होतं.

मामांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सेव्दाचा जबाब माझ्या टेबलाच्या खणात आहे. म्हणजे बघ, आता मीही तेच करते आहे जे तू केलंस. माझ्या माणसासाठी दुसऱ्याच्या माणसाला आत ठेवते आहे. हे मी सुनावणीपर्यंतही करू शकणार नाही. पाच एप्रिलला मी तो कागद मामांच्या हातात देणार. त्याआधी काय करायचं ते तू ठरव.

मला तुझा तिरस्कार करता आला असता तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

वेलिका


कझानलिक, २९ मार्च १८९७

वेलिका,

मामांना आजच सांग. माझ्यासाठी एक दिवसही थांबू नकोस.

सगळं तू लिहिलंस तसंच आहे. फक्त एवढं जोडतो, की मी ठरवून काही केलं नाही, हे मी स्वतःला दहा महिने सांगत आलो आणि ते खोटं आहे. बाटली खिशात टाकली तो एक क्षण असेल. पण संध्याकाळी ती टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं, ते ठरवूनच. दुसऱ्या दिवशी झ्लाताच्या पेटीत पुडी सापडली तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. मग मी त्या पुडीवर विश्वास ठेवायला लागलो. रोज थोडा थोडा. ऑक्टोबरपर्यंत माझी खात्री झाली होती. ती रडली नाही हे सरकारी वकिलाला मीच सुचवलं होतं.

जून महिन्यात वडिलांना म्हणालो, दुकान बंद करू, तुम्ही दमलात. ते म्हणाले, “माझं काही चुकलं का रे?” मी म्हणालो, “नाही.” त्यांना माहीत नाही. आजही नाही. डोब्री आपल्याकडून थेंब नेत असे, हे त्यांनी जानेवारीत लगेच सांगितलं. वहीतही नाव आहे, दर महिन्याला. ते पान मी तुझ्यापासून लपवलं. डोब्री कशानं गेला असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, बायकोनं घातलं कॉफीत. “बिचारी पोरगी,” म्हणाले. बिचारा डोब्री म्हणाले नाहीत.

तू पहिलं पत्र पाठवलंस तेव्हा मला वाटलं, हिच्याशी भांडत राहिलो तर ही कुठवर आली आहे ते कळत राहील. तेवढ्याचसाठी मी उत्तरं लिहायला लागलो. नंतर ते तेवढ्यासाठी राहिलं नाही, पण यावर तू आता का विश्वास ठेवावास?

लग्नाचं विचारलं ते खरं होतं. त्याला खटल्याची शेपटी लावली, ते नीचपणाचं होतं. दोन्ही एकाच पत्रात होतं, एकाच हातानं लिहिलेलं.

बाटली आणि वहीचं पान घेऊन मी बारा तारखेला न्यायालयात येतो. वडिलांना तोंडानं सांगायची हिंमत नाही. निघताना आत्याजवळ चिठ्ठी ठेवीन.

लाझार


प्लोवदिव, १६ एप्रिल १८९७

लाझार,

पहारेकरी म्हणतो की पत्र देईन. तुला बारा तारखेला न्यायालयातूनच नेलं, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. कुणाकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

चौदा तारखेला सकाळी सरकारी रसायनतज्ज्ञ बाटलीचा अहवाल वाचत होता. थेंबांत असावा त्याच्या दहापट सोमल निघाला. तेवढ्यात दार उघडलं आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवून दामियानकाका आत आले. घाट ओलांडून, दोन दिवस गाडीत बसून. न्यायाधीश म्हणाले, “आजोबा, बसून घ्या.”

“उभ्यानंच बोलतो,” काका म्हणाले. “चाळीस वर्षं उभ्यानंच औषधं दिली.” “त्या बाटलीतले थेंब मी बनवले. आकडा मला दिसत नव्हता. दिसत नाही हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी डोब्री मेला. हे लिहून घ्या.”

कारकून लिहायचा थांबला होता. न्यायाधीशांनी त्याला खूण केली.

“आणि माझ्या मुलानं मला वाचवलं असं तो म्हणतो. मला विचारलं असतं, तर मी त्याच दिवशी चालत ठाण्यावर गेलो असतो. माझ्या हातून चूक झाली होती. त्यानं त्या चुकीचा गुन्हा केला. आणि न विचारता मला भेकड ठरवलं.”

मग त्यांनी विचारलं, झ्लाता कुठं बसली आहे. ती बाळाला घेऊन उभी राहिली. “इथं आहे मी, काका.” ते आवाजाच्या दिशेला वळले आणि डोक्यावरची टोपी काढली. मला वाटतं, तिच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि ते मागतही नव्हते.

ती आजच सुटली. सध्या माझ्याकडे आहे. काकांवर खटला चालवणार नाहीत असं मामा म्हणतात, वयामुळे. तुला दीड वर्ष तरी होईल, असंही म्हणतात.

तू त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघितलं नाहीस. बरं केलंस. मला तिकडून तोंड फिरवावं लागलं असतं, आणि मला ते फिरवायचं नव्हतं.

वेलिका


प्लोवदिव, २ ऑगस्ट १८९८

लाझार,

वर्षभर आपण पत्रांतून हवापाणी लिहीत आलो. तुझ्या तुरुंगातली वाचनाची खोली, माझी प्रयोगशाळा, काकांचा खोकला. काका अजून तुझं नाव घेत नाहीत. पण तुझं पत्र आलं की आत्याला दोनदा वाचायला लावतात. हे सगळं मी आनंदानं लिहिलं. आज जे लिहिते आहे ते मे महिन्यापासून टाळत होते.

झ्लाताची मुलगी ऐकू शकत नाही.

आम्हांला उशिरा लक्षात आलं. चालायला लागली, हसते, सगळं हातानं मागते, पण हाक मारली तर वळत नाही. मे महिन्यात अंगणात माझ्या हातून तांब्याचं घंगाळ दगडावर पडलं. झाडावरची पाखरं उडाली. ती माझ्याकडे पाठ करून माती उकरत होती, तशीच उकरत राहिली. झ्लाता दारात उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, तापातून आलं, गेल्या साली मार्चमधल्या.

जानेवारीत मी तुला विचारलं होतं. तू तेव्हा खरं सांगितलं असतंस, तर मार्चमध्ये ती पोर त्या कोठडीत नसती. हे तू स्वतःच मोजशील, म्हणून मीच लिहिते. आणि माझाही हिशेब लिहिते: तुझं लग्नाचं पत्र आल्यावर मी चार आठवडे रस्ते मोकळे व्हायची वाट बघत बसले. रस्ते त्याच्या आधीच मोकळे झाले होते. मला सेव्दा सापडायला नको होती.

तुला सांगावं की नाही, असं मी झ्लातालाच विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “सांगा. त्याला माहीत असलं पाहिजे. तुम्ही त्याच्याकडे जाणार आहात, हे मला कळत नाही असं वाटतं का, वेलिकाताई? जा. मी अडवणार नाही. पण त्याला माझ्या दारात आणू नका. आणि तुम्ही त्याच्याबरोबर राहायला लागलात, की मग तुम्हीही येऊ नका. मी चांगली बाई असेन, पण तेवढी नाही.”

मी तिच्याबरोबर उरलेले कपडे वाळत घातले.

रुसेला, डॅन्यूबच्या काठी, जकातीच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळाली आहे. सप्टेंबरपासून जाते. दोन खोल्या बघून ठेवल्यात. झ्लाता, ती मुलगी, मामांचं घर, हे सगळं इथं सोडून जायचं आहे आणि मी ते डोळे उघडे ठेवून सोडते आहे. तुझ्यासाठी त्याग करते असं समजू नकोस. मला तसलं काही जमत नाही. तुझ्याबरोबर राहायचं आहे, आणि तू काय केलंस ते रोज माहीत असताना राहायचं आहे. बघ, तुला हे झेपतं का. कदाचित न झेपणारंच असेल.

तू दहा ऑक्टोबरला सुटतोस. मी सकाळपासून फाटकाबाहेर असेन. यायचं नसेल तर मागच्या बाजूला नदीकडचं दार आहे, तिकडून निघून जा. मी संध्याकाळपर्यंत थांबेन आणि समजून घेईन.

वेलिका


तुरुंग, २० ऑगस्ट १८९८

वेलिका,

तुझं पत्र अकरा दिवसांपूर्वी मिळालं. रोज कागद घेऊन बसलो आणि रोज परत ठेवला. माफी लिहायला घेतली की ती तुझ्याकडे मागतोय असं दिसायचं, आणि तुझ्याकडे ती नाहीच. झ्लाताला पत्र लिहिलं होतं, तेही फाडून टाकलं. तिनं ते उघडावं, वाचावं, मग त्याचं काय करायचं ते ठरवावं, एवढाही त्रास तिला द्यायचा मला हक्क नाही.

मुलीबद्दल कुठं कसली शाळा असते, कोण शिकवतं, हे इथल्या डॉक्टरांना विचारून वेगळ्या कागदावर लिहिलंय. सोफियात अलीकडेच एक गृहस्थ अशा मुलांना शिकवायला लागलेत. कागदावर माझं नाव नाही. तुझ्या अक्षरात उतरून दे, किंवा देऊ नकोस.

या दीड वर्षात त्या मुलीचं नाव तू एकदाही लिहिलं नाहीस. आधी वाटायचं, राहून गेलं असेल. आता कळलं. मला ते सांगू नकोस. रुसेलाही सांगू नकोस, मी विचारलं तरी. सांगायचं असेल तर ते झ्लाता सांगेल, आणि ती कधीच सांगणार नसेल तर मी त्याशिवायच राहीन.

दहा तारखेला थंडी असेल, शाल घेऊन ये. मी पुढच्या फाटकानंच येईन.

लाझार